फाइल सबमिट करण्याआधी

"सर, किती पानांची पाहिजे?" असाइनमेंट जाहीर झाली की वर्गातून येणारा पहिला प्रश्न हाच असतो. आणि वर्ग सुटल्यावर मुलं एकमेकांना विचारतात, "मागच्या वर्षीची फाइल कोणाकडे आहे?"

नंदुरबार जिल्ह्यातल्या कॉलेजांत शिकणारी पुष्कळ मुलं-मुली आपल्या घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. कॉलेजात काय लिहायचं, कसं लिहायचं, हे सांगणारं त्यांच्या घरी कोणी नसतं. मग सीनिअर सांगतील तेच खरं. काही समजुती अशाच एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जात राहिल्या आहेत. त्यांनी मुलांचे गुण तर जातातच, पण स्वतःजवळ लिहिण्यासारखं किती आहे हेही त्यांना कधी कळत नाही. मला हे दुसरं नुकसान जास्त मोठं वाटतं.

"जितकी पानं जास्त, तितके गुण जास्त"

तपासणारा पानं मोजत नाही. विचारलं होतं त्याचं उत्तर आलंय का, हे तो पाहतो. म्हणून आधी प्रश्नातलं क्रियापद वाचा. 'टीप लिहा' म्हटलं की मोजकी माहिती पुरते. 'तुलना करा' म्हटलं की दोन्ही गोष्टी एकाच निकषावर शेजारी-शेजारी ठेवायच्या. आधी तीन पानं एकीची आणि मग तीन पानं दुसरीची, असं लिहिलं तर तुलना वाचणाऱ्यालाच करावी लागते. 'कारणमीमांसा करा' म्हटलं की काय घडलं ते थोडक्यात सांगून ते का घडलं याकडे लगेच वळायचं.

सगळ्यात जास्त गफलत 'चिकित्सा करा' या दोन शब्दांपाशी होते. सरदार सरोवराचं उदाहरण घेऊ. या धरणाच्या पाण्याने महाराष्ट्रातली 33 गावं बाधित झाली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. 'बाधितांच्या पुनर्वसनाची चिकित्सा करा' असा विषय आला की बहुतेक फायलींत नर्मदेचा उगम, लांबी, धरणाची उंची, लाभक्षेत्र अशी माहिती ओळीने येते आणि चिकित्सा राहूनच जाते. खरं तर इथे तीन आवाज आहेत. सरकारी कागदपत्रं एक सांगतात, नर्मदा बचाव आंदोलनाची निवेदनं दुसरं सांगतात, आणि तळोदा-शहादा तालुक्यांतल्या वसाहतींत राहायला आलेली माणसं स्वतःचा अनुभव सांगतात. कोण कशाच्या आधारावर बोलतंय, कुठे मेळ बसतो, कुठे बसत नाही आणि तुम्हाला काय पटतं, एवढं चार पानांत नीट आलं तर ती चिकित्सा झाली. उगमापासून सुरुवात करण्याची काही गरज नाही.

"सगळं लेखन सारखंच, फक्त विषय बदलतो"

ही समजूत सगळ्यात खोल रुजलेली आहे, म्हणून हिच्याकडे जरा थांबून पाहू. शाळेत दहा वर्षं निबंध लिहिलेला असतो. त्यामुळे कॉलेजातलं प्रत्येक लेखन निबंधाच्याच साच्यात जातं: प्रस्तावना, महत्त्व, फायदे, तोटे, उपसंहार.

नंदुरबारची मिरची घ्या. हंगामात बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागतात. व्यापारी ती खरेदी करतात आणि शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर पसरून उन्हात वाळवतात. या मैदानांना इथे पथारी म्हणतात. तिथे मजूर बाया देठ खुडायला बसलेल्या असतात. अवकाळी पाऊस आला की सगळा माल झाकण्यासाठी धावाधाव होते.

आता या एकाच विषयावर चार जणांना लिहायचं आहे. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी जर्नलमध्ये साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान या क्रमाने लिहील. ठरावीक वजनाची ओली मिरची वाळवली, रोज वजन केलं, इतक्या दिवसांनी इतकी उरली. त्यात 'मिरची हा आपल्या आहाराचा अविभाज्य घटक आहे' हे वाक्य नको. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी शेतकऱ्याच्या गाडीपासून वाळलेल्या मालाच्या पोत्यापर्यंत कुठे किती खर्च होतो, घट किती येते, हे कोष्टकात मांडील. अर्थशास्त्राचा विद्यार्थी सेमिनारला एकच प्रश्न घेऊन उभा राहील: पावसाने माल भिजला तर नुकसान नेमकं कोणाच्या अंगावर पडतं? समाजशास्त्राची विद्यार्थिनी देठ खुडणाऱ्या बायांशी बोलेल. मजुरी वजनावर मिळते की दिवसावर, सोबत आणलेलं लेकरू दिवसभर कुठे असतं, हंगाम संपल्यावर त्या काय करतात, हे ती लिहील. चौघांची माहिती, भाषा, मांडणी, सगळं वेगळं होईल. निबंधाचा साचा यातल्या एकालाही पुरणार नाही.

केस स्टडीचंही तसंच. 2006 च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. त्यावर केस स्टडी लिहायची तर रोगाची सर्वसाधारण माहिती एका परिच्छेदात आटपावी. बाकी सगळी जागा नवापूरला द्यावी. आधी काय होतं, कोणता निर्णय कोणी घेतला, त्याचा परिणाम कोणावर झाला, असं क्रमाने लिहावं.

ग्रंथपरीक्षण म्हणजे पुस्तकाचा सारांश, असंही मानलं जातं. शहाद्याच्या श्रमिक चळवळीत काम केलेले कवी वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' या संग्रहाचं परीक्षण करायचं तर कविता एकामागून एक सांगत सुटू नये. हा कवी कोणाला उद्देशून बोलतो, कुठल्या अनुभवातून बोलतो, त्याची भाषा पाठ्यपुस्तकातल्या कवितेपेक्षा वेगळी का आहे, ती कुठे पोहोचते आणि कुठे कमी पडते, हे लिहावं. पुस्तक आवडलं नाही तरी चालतं, फक्त का आवडलं नाही ते सांगता आलं पाहिजे.

"सर्व्हे, टक्के आणि आलेख असल्याशिवाय प्रकल्प होत नाही"

गल्लीतल्या वीस घरांतून प्रश्नावली भरून आणायची आणि 'जिल्ह्यातील 75 टक्के लोकांचे मत आहे की' असं लिहायचं, ही फार जुनी सवय आहे. नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 16,48,295 आहे. गल्लीतली वीस घरं तिच्या वतीने बोलू शकत नाहीत. 'मी भेटलेल्या वीस कुटुंबांपैकी पंधरा जणांनी असं सांगितलं' हे वाक्य मात्र खरं आहे, आणि परीक्षक त्याला कमी लेखत नाही. खोलीत बसून स्वतःच भरलेल्या प्रश्नावल्या तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत उघड्या पडतात. त्यापेक्षा चारच माणसांशी मनापासून बोललेलं बरं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या पदवी आराखड्यात क्षेत्र प्रकल्पाच्या एका श्रेयांकासाठी 30 तास धरले आहेत. हे तास बाहेर फिरण्यासाठी, पाहण्यासाठी, माणसांशी बोलण्यासाठी दिलेले आहेत. पर्यावरण अभ्यासाच्या आयोगाने ठरवलेल्या मूळ अभ्यासक्रमातही 100 पैकी 25 गुण क्षेत्रकार्याला होते, आणि त्यात जवळची नदी, डोंगर, जंगल किंवा प्रदूषित जागा प्रत्यक्ष पाहून नोंद करणं अपेक्षित होतं. प्रकाशाला तापी आहे, तोरणमाळला यशवंत तलाव आहे, नवापूरजवळ उकाई धरणाचा फुगवटा आहे. इतकं सगळं हाताशी असताना गंगेच्या प्रदूषणावर छापील माहिती उतरवून काढणं मला पटत नाही.

गृहीतक सिद्ध झालंच पाहिजे, ही भीतीही सोडून द्या. 'मोबाइलमुळे मुलांचं वाचन कमी झालं' असं धरून निघालात आणि भेटलेल्या मुलांत तसं दिसलं नाही, तर तसंच लिहा. गृहीतक चुकीचं ठरणं हादेखील निष्कर्षच असतो.

"नेटवर सगळं मिळतं"

नंदुरबारबद्दल तर मिळत नाहीच, आणि मिळतं त्यातही फसायला होतं. हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणजे 1991 च्या जनगणनेत नंदुरबार नावाचा जिल्हाच नाही. त्याआधीची माहिती धुळ्याच्या नावाखाली शोधावी लागते, त्याही आधीची पश्चिम खानदेशच्या, आणि 1906 च्या मागची अखंड खानदेशच्या. असाइनमेंटमध्ये 'नंदुरबार जिल्ह्याची 1961 ची लोकसंख्या' असा आकडा आला तर तो कुठून काढला हे सांगावंच लागेल. तालुक्यांची बेरीज केली असेल तर तसं नमूद करा.

खरी साधनं हाताशी आहेत, पण थोडी वाट वाकडी करावी लागते. खानदेशचं गॅझेटिअर 1880 चं आहे, धुळे जिल्ह्याचं 1974 चं. राज्य सरकारच्या गॅझेटिअर विभागाने ती नेटवर मोफत ठेवली आहेत. प्रकाशाचं उत्खनन बी. के. थापर यांनी 1955 मध्ये केलं आणि त्याचा सविस्तर अहवाल छापलेला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीर्थक्षेत्राच्या माहितीपुस्तिकेवर थांबण्याचं कारण नाही.

चॅटजीपीटीसारख्या साधनांविषयी एकच सांगतो. ती वाक्यं सफाईने जुळवतात, पण कधी कधी नसलेल्या पुस्तकांची नावं आणि पानांचे आकडेही तितक्याच सफाईने देतात. आपण स्वतः न उघडलेलं पुस्तक संदर्भसूचीत घालू नका.

"10 टक्के कॉपी चालते"

हा समज 2018 च्या नियमांवरून पसरला. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या वर्षी जुलैमध्ये नियम जारी केले. त्यांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सुधारून पुन्हा सादर करायचं, 40 ते 60 टक्के असेल तर वर्षभर सादर करण्यास बंदी, आणि 60 टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पण हे टप्पे पदव्युत्तर आणि संशोधन पातळीवरच्या प्रबंधांसाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका नियमांतल्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळल्या आहेत. तेव्हा बीएच्या फायलीत 10 टक्के उतरवण्याची सवलत हा नियम देत नाही. तिथे तुमच्या प्राध्यापकांचा निर्णय लागू होतो.

दुसऱ्याचं वाक्य वापरायला मात्र कोणाची मनाई नाही. अवतरणात घ्या, लेखक, पुस्तक, वर्ष, पान लिहा. संदर्भ दिले तर सगळं उसनं वाटेल, अशी शंका बऱ्याच जणांना असते. अनुभव उलटा आहे. संदर्भ दिसले की बाकीचं लेखन तुमचं स्वतःचं आहे यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

"आजी-आजोबांनी सांगितलेलं लिहिता येत नाही"

येतं, आणि या जिल्ह्यात तर ते लिहायलाच हवं. 2011 च्या जनगणनेनुसार इथली 69 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. इथला बराचसा इतिहास, झाडापाल्याचं ज्ञान, काठी गावच्या होळीसारख्या सणांची रीत, ऊसतोडीसाठी गुजरातेत जाण्याच्या आठवणी, हे सारं माणसांच्या तोंडी आहे. पुस्तकाचा संदर्भ देतो तसाच मुलाखतीचाही देता येतो: सांगणाऱ्याचं नाव, अंदाजे वय, गाव, मुलाखतीची तारीख. आधी परवानगी घ्या. नाव नको म्हटलं तर 'अक्राणी तालुक्यातील एक वयस्कर स्त्री' एवढं पुरतं. सांगितलं ते जसंच्या तसं टिपा, त्यावरचं तुमचं मत वेगळ्या परिच्छेदात लिहा.

घरची भाषा फायलीत आणू नये, हा समज त्याच्याच जोडीचा. पावरी, मावची, भिली, अहिराणी बोलणाऱ्या मुलांना वाटतं की जड, संस्कृत शब्द घातल्याशिवाय लेखन कॉलेजचं वाटत नाही. तुमचं विवेचन प्रमाण मराठीत, साध्या वाक्यांत लिहा. पण मुलाखतीतलं बोलणं, अवजारांची, बियाण्यांची, विधींची नावं बोलीतच ठेवा आणि शेजारी अर्थ द्या. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने भिली भाषांसाठी 1907 मध्ये एक स्वतंत्र भाग काढला होता. त्यासाठी नमुने बाहेरच्या माणसांनी गोळा केले. आज त्याच भाषा बोलणारी मुलं स्वतः कॉलेजात आहेत. एका गावातले धान्याच्या जातींचे तीस शब्द नीट अर्थासह नोंदवले, तरी तो भाषेच्या विद्यार्थ्याचा चांगला प्रकल्प होतो.

"गुण मिळाले की फाइलचं काम संपलं"

वर्ष सरलं की फायलींचे गठ्ठे रद्दीत जातात. त्यांतल्या बहुतेक एकमेकींच्या नकला असतात, हे खरं. पण एखाद्या फाइलमध्ये कोणीतरी आपल्या पाड्यावरच्या विहिरींची नोंद केलेली असते, कोणी स्थलांतर करून परतलेल्या घरांशी बोललेलं असतं. ही माहिती दुसरीकडे कुठेही नसते. कॉलेजांना माझी विनंती आहे: दर वर्षी प्रत्येक विभागातल्या चांगल्या दोन-तीन फायली निवडा, विद्यार्थ्याची आणि माहिती देणाऱ्यांची संमती घ्या, दाखलक्रमांक देऊन ग्रंथालयात ठेवा आणि पुढच्या बॅचला संदर्भ म्हणून वाचायला द्या. विद्यार्थ्यांनो, तुमची फाइल स्वतः पाहून-ऐकून लिहिलेली असेल, तर जमा करताना सरांकडे, मॅडमकडे ही मागणी जरूर करा.