शवविच्छेदन : समज आणि गैरसमज

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. भातखाचरातील सर्पदंश, भाटघर व पानशेतसारख्या जलाशयांत बुडणे, गडावरून अथवा घाटात कोसळणे अशा कारणांनी येथे अपघाती मृत्यू ओढवतात. अशा वेळी शोकाकुल कुटुंबाला शवविच्छेदनाचा विचारही नकोसा वाटतो. देहाची विटंबना होते, अवयव काढून घेतले जातात, अशा समजुतींमुळे काही वेळा पोलिसांना न कळविताच अंत्यसंस्कार उरकले जातात.

वस्तुस्थिती निराळी आहे. डॉक्टर प्रथम देहाची बाह्य तपासणी करून जखमांची नोंद घेतात. नंतर गळ्यापासून ओटीपोटापर्यंत छेद घेऊन अंतर्गत अवयव तपासले जातात. डोक्याचा छेद केसांतून, एका कानामागून दुसऱ्या कानामागे घेतला जातो. त्यामुळे चेहरा विद्रूप होत नाही. विषबाधेचा संशय असल्यास जठर आणि यकृत, मूत्रपिंड इत्यादींचे भाग, म्हणजेच व्हिसेरा, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून न्यायसहायक प्रयोगशाळेकडे पाठविले जातात. बाकीचे अवयव पूर्ववत ठेवून, छेद शिवून देह नातेवाइकांच्या स्वाधीन करण्यात येतो.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ अन्वये, अनैसर्गिक मृत्यूची खबर मिळताच पोलीस परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मरणोत्तर पंचनामा करतात. मृत्यूच्या कारणाविषयी शंका असल्यास, तसेच विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाल्यास, देह वैद्यकीय तपासणीसाठी पाठविला जातो. यास नातेवाइकांची संमती लागत नाही. केवळ रोगाचे कारण जाणण्यासाठी रुग्णालयात होणाऱ्या शवविच्छेदनास मात्र ती आवश्यक असते. विलंब टळावा म्हणून, नोव्हेंबर २०२१ पासून पुरेशी सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनास मुभा आहे. खून, आत्महत्या वा घातपाताचा संशय असलेली प्रकरणे सामान्यतः यातून वगळली आहेत.

या तपासणीत कुटुंबाचेही हित आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंशाने अथवा अन्य अपघाताने मरण पावलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना २ लाख रुपयांचे साहाय्य मिळते. त्यासाठी मृत्यूचे कारण कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते. देहाचे दहन झाल्यावर हा पुरावा पुन्हा मिळविता येत नाही. घातपात झाला असल्यास न्यायाची वाटही तेथेच खुंटते.

म्हणून पोलीस पाटील, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी ही माहिती ग्रामसभेत, दुःखाचा प्रसंग येण्यापूर्वीच द्यावी. ऐन दुःखात अशी समजूत घालणे सर्वांनाच कठीण जाते.