आगगाडीची माहितीपत्रके आणि अरण्याची वाट

लोहमार्ग बांधावयास अमाप पैसा लागतो. आणि डबे रिकामे धावू लागले, तर तो परत येत नाही. व्यापारी, चाकरमाने व यात्रेकरू यांना बोलवावे लागत नाही. ते आपण होऊनच गाडीत बसतात. परंतु ज्याला कोठेच जाण्याची निकड नाही, त्याला घराबाहेर कसे काढावयाचे? या गरजेतून रेल्वेची सचित्र माहितीपत्रके जन्मास आली. या लहानशा कागदांनी माणसाला अरण्याची वाट दाखविली. ती कशी, हे आपण पाहू.

अमेरिकेतील यलोस्टोन येथे १८७२ साली जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याच्या आदल्या वर्षी टॉमस मोरान हा चित्रकार तेथे गेला होता. त्याच्या प्रवासास जे कुक या धनिकाने पैसा पुरविला होता, आणि हाच धनिक नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेसाठी भांडवल उभारीत होता. १८८३ मध्ये या कंपनीची गाडी उद्यानाच्या उत्तर सीमेजवळ पोहोचली. मग कंपनीने ‘वंडरलँड’ या नावाची सचित्र पुस्तके वर्षामागून वर्षे काढली. रेल्वेला उतारू मिळाले व उद्यानाला चाहते मिळाले.

आता आपल्या प्रांताकडे वळू. १८७० साली इटारसी–जबलपूर मार्ग पुरा होऊन मुंबई व कलकत्ता ही शहरे जोडली गेली. या मार्गावरील पिपरिया स्थानकामुळे पचमढीच्या पहाडाची वाट सोपी झाली. पुढच्याच वर्षी कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे सातपुड्याच्या अरण्यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात वनशोभेचे वर्णन आहे, तसेच शिकारीचेही आहे.

हाच दुहेरी सूर पुढील रेल्वे-प्रचारातही राहिला. १९२० ते १९४० या काळात हिंदी रेल्वेने सुंदर भित्तिचित्रे व माहितीपत्रके काढली. त्यांतील बरीचशी इंग्रजीत असून विदेशी पाहुणे व सधन प्रवासी यांच्यासाठी होती. ताजमहाल, घाट व हिमशिखरे यांच्या जोडीला शिकार हेही हिंदुस्थानचे एक आकर्षण म्हणून मांडले जाई. वाघ हा पाहावयाचा प्राणी नसून मारावयाचा प्राणी होता.

ही दृष्टी पालटावयास काळ जावा लागला. कान्हा व ताडोबा ही राष्ट्रीय उद्याने १९५५ साली झाली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. कान्हा व मेळघाट ही त्याची आरंभीचीच क्षेत्रे होत. बंदुकीची जागा दुर्बिणीने व कॅमेऱ्याने घेतली.

तथापि, चित्रात जे दिसत नाही तेही वाचकाने शोधले पाहिजे. निर्मनुष्य वन चित्रात मोहक दिसते; परंतु कान्ह्याच्या वनात गोंड व बैगा यांची वस्ती होती, आणि त्यांची अनेक गावे उद्यानाबाहेर हलविण्यात आली. पाहुण्यांना आमंत्रण मिळाले व घरच्यांना निरोप, असेच म्हणावे लागेल.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात नसते. ज्या रुळांवरून आपण वनात जातो, तेच रूळ वन्य पशूंची वाट कापतात. भोपाळ–इटारसी मार्ग रातापानीच्या वनातून जातो. २०२४ च्या जुलैमध्ये बुदनीजवळ मिडघाट येथे गाडीच्या धडकेने वाघाचा एक बछडा जागीच ठार झाला. जखमी झालेल्या दोघांना एका डब्याच्या खास गाडीने भोपाळला आणण्यात आले; परंतु तेही जगले नाहीत. माणसाने त्यांच्यासाठी गाडी सोडली, ही करुणा खरी. पण त्यांना जखमी केले तेही गाडीनेच.

यावरून रेल्वे वाईट किंवा प्रवास व्यर्थ, असे आम्ही म्हणत नाही. पाहिल्याविना प्रेम उपजत नाही, आणि प्रेमाविना रक्षण होत नाही. विद्यार्थी मित्रहो, आपल्या तुलसी नगरापासून वनविहार राष्ट्रीय उद्यान फारसे दूर नाही. त्याचे माहितीपत्रक लिहावयास बसलात, तर तेथे काय पाहावे हे अवश्य लिहा. पण तेथे कोण राहते आणि आपल्या येण्याने त्याला कोणता उपद्रव होईल, याही दोन ओळी लिहावयास विसरू नका. जुन्या माहितीपत्रकांत नेमक्या त्याच ओळी राहून गेल्या आहेत.