सेप्सिसच्या रुग्णाची ‘टूडी इको’ का करतात?

न्यूमोनिया किंवा लघवीच्या संसर्गाने रुग्ण आयसीयूत दाखल होतो आणि डॉक्टर ‘टूडी इको’ म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करायला सांगतात. छातीत दुखत नसताना हृदय कशाला तपासायचं, असा प्रश्न नातेवाइकांना पडतो. त्याचं उत्तर सेप्सिसमध्ये आहे.

सेप्सिस म्हणजे काय?

संसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिसाद भरकटतो आणि स्वतःच्याच अवयवांना इजा होऊ लागते. ही जीवघेणी अवस्था म्हणजे सेप्सिस. २०१७ मध्ये जगभरात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि १.१ कोटी लोक दगावले, असा अंदाज आहे.

हृदयाचा संबंध काय?

सेप्सिसमध्ये रक्तदाब कोसळण्याची कारणं वेगवेगळी असतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतून द्रव बाहेर झिरपतो आणि काही रुग्णांत हृदयाचा स्नायूही मंदावतो. उपचार कारणानुसार बदलतात. द्रव कमी असेल तर सलाईन, रक्तवाहिन्या सैल असतील तर नॉरअ‍ॅड्रिनलिन आणि हृदय कमजोर असेल तर डोब्युटामाइनसारखं औषध लागू शकतं. थकलेल्या हृदयावर सलाईनचा मारा झाला, तर फुप्फुसात पाणी साठू शकतं.

इकोमध्ये काय कळतं?

• डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतो
• दोन ठोक्यांमध्ये हृदय नीट सैल होतं का
• उजव्या बाजूवर ताण आला आहे का
• झडपांवर संसर्गाच्या गाठी आहेत का

ही तपासणी खाटेजवळच होते. साध्या इकोमध्ये सुई किंवा क्ष-किरण लागत नाहीत. रुग्णाचे पाय उचलून हृदयातून बाहेर पडणारं रक्त वाढतं का, हेही पाहता येतं. वाढलं, तर सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता जास्त.

ईएफ चांगला, म्हणजे हृदय ठीक?

तसं नाही. ‘ईएफ’ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडतं तो आकडा. रक्तवाहिन्या सैल असताना हृदयाला फारसा जोर लावावा लागत नाही, त्यामुळे कमजोर हृदयाचाही ईएफ चांगला दिसू शकतो. औषधाने रक्तदाब वाढला की खरी स्थिती उघड होते. म्हणूनच इको एकदाच करून भागत नाही.

हृदय पूर्ववत होतं का?

अनेकदा होतं. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, सेप्टिक शॉकमधून वाचलेल्या १३ पैकी १० रुग्णांचा ईएफ ४० टक्क्यांखाली गेला होता. साधारण १० दिवसांत तो पूर्ववत झाला. पण आधीपासून हृदयविकार असेल, तर चित्र वेगळं असू शकतं.

इकोने सेप्सिस बरा होत नाही. त्यासाठी वेळेवर अँटिबायोटिक आणि संसर्गाच्या मुळावर इलाजच हवा. तोवर सलाईन आणि औषधं किती द्यायची, हे ठरवायला इको मदत करते. त्यामुळे इको झाल्यावर नातेवाइकांनी फक्त ईएफचा आकडा विचारून थांबू नये. त्यावरून उपचारात काय बदललं, हेही डॉक्टरांना विचारावं.