हिंस्र माशांचे सोबती

काचेच्या टाकींत मासे पाळण्याचा छंद मुंबईकरांना नवा नाहीं. चर्नी रोड स्थानकाजवळ समुद्राच्या कांठीं १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालें. तेव्हांपासून गिरगांव, दादर, परळ आणि लालबाग येथील मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं तेथील काचांना नाक लावून मासे पाहिले, आणि पुढें क्रॉफर्ड मार्केटांतून दोनचार मासे पिशवींत घालून घरीं आणले. पूर्वीं हे मासे बहुधा गप्पी, मोली, गोल्डफिश असे गरीब स्वभावाचे असत. अलीकडे ऑस्कर, अरोवाना, लाल शेपटीचा कॅटफिश अशा मोठ्या, मांसाहारी माशांची हौस वाढली आहे. त्यांच्याबरोबर दुसरे कोणते मासे ठेवावेत, हा आजचा आपला विषय आहे.

या प्रश्नाचें उत्तर चुकतें तें बहुधा दुकानांतच. तेथें ऑस्करचें पिलूं दोन इंचांचें असतें, अरोवानाचें बोटाएवढें. शेजारचा मासाहि तेवढाच दिसतो, म्हणून आपण दोघांना एकत्र आणतों. परंतु ऑस्कर सुमारें एक फूट वाढतो, आणि तेंहि फार झपाट्यानें. दक्षिण अमेरिकेंतला रुपेरी अरोवाना तीन फुटांपर्यंत जातो, तर लाल शेपटीचा कॅटफिश चार फुटांच्या आसपास पोंचतो. सारांश, सोबत जुळवावयाची ती आजच्या पिलांची नव्हे, पूर्ण वाढ झालेल्या माशांची.

पहिली कसोटी तोंडाची. जो मासा तोंडांत मावतो तो सोबती नव्हे, भक्ष्य होय. यांत हिंस्र माशाचा कांहीं दुष्टपणा नाहीं. तो त्याचा देहधर्म आहे. आपल्या रायगड जिल्ह्यांतील खाडीकांठच्या तळ्यांत वाढविला जाणारा जिताडा हें याचें उत्तम उदाहरण आहे. जिताड्याचीं पिलें लहान वयांत आपल्याच भावंडांना गिळतात. स्वतःच्या लांबीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश लांबीचें पिलूंहि त्यांना गिळतां येतें. म्हणून तीं वाढविणारे लोक पिलांची वरचेवर निवड करून मोठीं मोठ्यांत व लहान लहानांत ठेवतात. घरच्या टाकींतहि हाच न्याय लागू आहे. सोबती लांबीनें हिंस्र माशाच्या निम्म्याहून बराच मोठा असावा. शिवाय तो अंगानें उंच व रुंद असावा. लांब व सडपातळ मासा मोठा दिसला तरी सहज गिळला जातो. कांटेरी मासा आणखी वाईट. शिंगाळ्याच्या जातीच्या माशांच्या परांत ताठ कांटे असतात. असा मासा गिळला तर तो घशांत अडकतो, आणि खाणारा व खाल्ला जाणारा असे दोघेहि प्राणास मुकतात.

दुसरी कसोटी स्वभावाची. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांसारखे सिक्लिड कुळांतले मासे टाकीचा एखादा कोपरा आपला मानतात आणि तेथें फिरकणाऱ्यावर तुटून पडतात. विशेषतः अंडीं घालण्याच्या दिवसांत त्यांचा ताव अनावर होतो. दोन तापट मासे एकत्र ठेवून ते 'एकमेकांना वचकून राहतील' अशी आशा करणें व्यर्थ आहे. उलट अत्यंत भित्रा मासाहि नको. तो कोपऱ्यांत दबून राहतो, उपाशी पडतो आणि झिजून मरतो. सोबती चपळ आणि शांत हवा.

तिसरी कसोटी जागेची. अरोवाना पाण्याच्या पृष्ठभागाजवळ फिरतो, ऑस्कर मधल्या थरांत, आणि कॅटफिश तळाशीं. वर्गांत भांडखोर मुलें वेगवेगळ्या बांकांवर बसवितात त्याप्रमाणें निरनिराळ्या थरांतले मासे निवडले तर तंटे पुष्कळ कमी होतात. मात्र अरोवाना उडी मारणारा मासा आहे. त्याच्या टाकीला घट्ट झांकण हवेंच.

चौथी कसोटी पाण्याची. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचें पावसाचें मृदु पाणी मिळतें. दक्षिण अमेरिकेंतल्या ऑस्कर-अरोवानांना तें मानवतें. परंतु आफ्रिकेंतल्या मलावी सरोवराच्या रंगीत माशांना जड, क्षारयुक्त पाणी लागतें. दोघांना एकत्र ठेवलें तर कोणा एकाचे हाल ठरलेले. शिवाय मांसाहारी माशाची घाण फार. तिच्यांतून निघणारा अमोनिया विषारी असतो, आणि गाळणींतले सूक्ष्म जंतु त्याचें रूपांतर करीपर्यंत सोबत्यांचाहि जीव धोक्यांत असतो. म्हणून गाळणी मोठी असावी, आणि दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी, क्लोरीन काढून, बदलावें.

आतां प्रत्यक्ष निवड. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकींत सुमारें अडीचशें लिटर पाणी मावतें. अशा टाकींत एकच ऑस्कर ठेवावा. त्याला सोबतीची आवश्यकता नसते. सहा फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद-उंच टाकी असेल तर त्याच्याबरोबर पांचसहा सिल्व्हर डॉलर ठेवतां येतात. हा मासा शाकाहारी, चपळ आणि बशीसारखा गोल असल्यामुळें मोठ्या ऑस्करला तो गिळतां येत नाहीं. मात्र तो हाताच्या तळव्याएवढा झाल्यावरच सोडावा. रुपेरी अरोवानाला तर सहा फुटांची टाकीहि पुढें अपुरी पडते, कारण त्याला वळावयास तीन फूट रुंदी लागते. येथें एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. सहा फुटी टाकींतील पाण्याचेंच वजन सुमारें सहाशें ऐंशी किलो होतें. कांच, दगड व मेज वेगळे. गिरगांवांतल्या जुन्या चाळींच्या लाकडी तुळयांवर हा भार टाकण्यापूर्वीं जाणत्या इंजिनियरचा सल्ला घ्यावा.

नवीन मासा आणल्यावर तो दोनतीन आठवडे वेगळ्या टाकींत ठेवून निरोगी आहे याची खात्री करावी. गरीब मासे आधीं सोडावेत, तापट मासा शेवटीं. म्हणजे त्याला सारी टाकी आपली वाटत नाहीं. सोडण्यापूर्वीं दगडांची मांडणी बदलावी आणि सर्वांना पोटभर खाऊं घालावें. पर फाटणें, रंग काळवंडणें किंवा खाणें सोडणें हीं लक्षणें दिसतांच दोघांना निराळें करावें. जिवंत गोल्डफिश खाऊं घालण्याची चाल मात्र सोडून द्यावी. त्यांतून रोग येतात आणि पोषणहि अपुरें पडतें.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. टाकींत न मावणारा मासा दयाबुद्धीनें पवईच्या तलावांत किंवा बाणगंगेंत सोडणें ही दया नव्हे. टाकी साफ करील म्हणून आणलेला सकर मासा रात्रीं मोठ्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर खरवडतो, म्हणून कंटाळून लोक तो बाहेर सोडतात. आणि आंध्रांत कृष्णेच्या पाण्यांत तो कोळ्यांचीं जाळीं फाडूं लागला आहे. काश्मीरच्या दल सरोवरांत २०२३ सालीं मगरीच्या तोंडाचा अमेरिकन गार मासा सांपडला. ज्या तलावांत आपले मरळ आणि रोहू वाढतात तेथें असे पाहुणे आले तर त्यांच्याशीं कोणाची सोबत जुळणार?

म्हणून मासा विकत घेण्यापूर्वींच दुकानदाराला विचारावें, 'हा किती वाढेल, आणि नको झाल्यास तुम्ही परत घ्याल काय?' समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो मासा घेऊं नये. आणि जागा थोडी असेल तर एकटा मासाहि सुखानें राहतो, हें ध्यानांत ठेवावें.