सायटिकाची नस सगळ्यांत एकाच वाटेने जात नाही

काल एका काकूंनी एमआरआयचा रिपोर्ट दाखवला. मणक्यात नस कुठेच दबलेली नाही, तरी नितंबातून पायात कळ जाते. "मग दुखतं कुठून?"

फिजिओथेरपिस्ट म्हणून अशा वेळी मी पिरिफॉर्मिस तपासते. नितंबात खोलवर, त्रिकास्थीपासून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकापर्यंत आडवा गेलेला हा स्नायू. सायटिक नस बहुतेकांत त्याच्या खालून अखंड बाहेर पडते.

पण सगळ्यांत नाही! काहींत ती आधीच दुभंगते. मग एक फाटा थेट स्नायूला भेदून जातो, दुसरा खालून. १९३७ मध्ये बीटन आणि अ‍ॅन्सन यांनी अशा रचनांचे सहा प्रकार मांडले.

रचना वेगळी म्हणजे दुखणारच का? तसं नाही. २०१० च्या एका एकत्रित विश्लेषणात शवविच्छेदनातल्या सुमारे १७ टक्के नमुन्यांत वेगळी रचना दिसली. पिरिफॉर्मिसच्या त्रासासाठी शस्त्रक्रिया झालेल्यांतही प्रमाण जवळपास तेवढंच! म्हणून "तुमची नसच चुकीच्या जागी आहे" असं सांगून पेशंटला घाबरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

पायातलं बळ कमी होत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मात्र व्यायाम करत थांबू नका, तातडीने डॉक्टरांकडे जा.