विश्लेषण : लिनक्समध्ये दुसरी हार्ड डिस्क दिसते, मग ॲपला ती का उघडता येत नाही?

‘विंडोज १०’चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. या अटींत न बसणारा, पण चांगला चालणारा संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर उबंटू, लिनक्स मिंट किंवा फेडोरा बसवणे हा एक पर्याय आहे. मात्र हे केल्यावर अनेकदा एक कोडे समोर येते. दुसऱ्या हार्ड डिस्कवरील जुने फोटो, चित्रपट, कागदपत्रे फाइल मॅनेजरमध्ये व्यवस्थित दिसतात. पण एखाद्या ॲपमधून तिथे गेले की फोल्डर रिकामे दिसते किंवा ‘परवानगी नाकारली’ असा संदेश येतो. डिस्क बिघडली असे समजून ती फॉरमॅट केली, तर शाबूत असलेली माहिती आपल्याच हाताने पुसली जाते. म्हणूनच ही अडचण कुठे उद्भवते, हे आधी समजून घ्यायला हवे.

अडचण नेमकी कुठे असते?

लिनक्समध्ये ॲपला दुसऱ्या डिस्कवरील फाइलपर्यंत पोहोचण्यासाठी तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला, डिस्क प्रणालीला जोडलेली असणे, म्हणजेच ‘माउंट’ होणे. दुसरा, त्या फाइलवर वापरकर्त्याचा हक्क असणे. तिसरा, खुद्द ॲपला त्या जागी जाण्याची मुभा असणे. कोणता दरवाजा बंद आहे, हे ओळखण्याची सोपी चाचणी आहे. फाइल मॅनेजरमधून त्या डिस्कवर एक नवी रिकामी फाइल तयार करून पाहावी. ती तयार झाली नाही, तर दोष पहिल्या दोन दरवाजांपैकी एकाचा. ती तयार झाली, पण ॲपला दिसत नाही, तर बहुधा तिसरा दरवाजा बंद असतो. तेच ॲप ‘होम’ फोल्डरमधील फाइल सहज उघडत असेल, तर हा संशय आणखी पक्का होतो.

‘माउंट’ होण्यात काय चुकू शकते?

विंडोजमध्ये दुसरी डिस्क ‘डी’ किंवा ‘ई’ ड्राइव्ह म्हणून दिसते. लिनक्समध्ये ती मुख्य फोल्डररचनेतील एखाद्या फोल्डरला जोडली जाते. फाइल मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक केले की उबंटूत ती ‘मीडिया’ या फोल्डरमध्ये वापरकर्त्याच्या नावाखाली जोडली जाते. मात्र हे क्लिक केल्यानंतर होते. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारे बॅकअप किंवा डाउनलोडचे ॲप तिथे आधीच पोहोचले, तर त्याला डिस्क सापडत नाही.

उपाय म्हणजे डिस्क कायमस्वरूपी जोडणे. उबंटूतील ‘डिस्क्स’ या ॲपमध्ये संबंधित विभाजन निवडून माउंटचे पर्याय बदलता येतात. ते ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये नोंदवले जातात. इथे दोन खबरदाऱ्या महत्त्वाच्या. डिस्कची ओळख ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा बदलू शकणाऱ्या नावाने न देता तिच्या यूयूआयडी या कायम क्रमांकाने द्यावी. आणि ‘नोफेल’ हा पर्याय जोडावा; अन्यथा कधी ती डिस्क काढली, तर संगणक सुरू होतानाच अडकून पडू शकतो.

मालकीहक्काचा प्रश्न कसा सोडवायचा?

लिनक्सने युनिक्सकडून घेतलेल्या पद्धतीनुसार प्रत्येक फाइलला एक मालक आणि एक गट असतो. कोणी वाचायचे, कोणी लिहायचे हे त्यावर ठरते. नवी डिस्क ‘ईएक्सटी४’ पद्धतीने फॉरमॅट केली, की तिचे मुख्य फोल्डर अनेकदा ‘रूट’ या प्रशासक खात्याच्या मालकीचे राहते. ‘सीएचओन’ या कमांडने त्याची मालकी आपल्या खात्याकडे घेतली, की प्रश्न मिटतो. विंडोजच्या ‘एनटीएफएस’ किंवा पेनड्राइव्हच्या ‘एक्सफॅट’ डिस्कवर मात्र ही कमांड सहसा उपयोगी पडत नाही. तिथे मालक कोण, हे डिस्क माउंट करतानाच्या पर्यायांत सांगावे लागते.

आणखी एक सापळा वेगळ्या खात्याचा. घरातील टीव्हीवर चित्रपट पुरवणारा मीडिया सर्व्हर बहुधा स्वतःच्या स्वतंत्र खात्याने चालतो. ‘मीडिया’मधील वापरकर्त्याच्या नावाचे फोल्डर केवळ त्याच वापरकर्त्यासाठी उघडे असते. त्यामुळे आतील चित्रपटांना सर्वांसाठी परवानगी दिली, तरी सर्व्हर बाहेरच अडतो. वाटेतील प्रत्येक फोल्डरमध्ये शिरण्याचा हक्क असल्याशिवाय शेवटच्या फाइलपर्यंत पोहोचता येत नाही. अशा वेळी डिस्क ‘एमएनटी’ या फोल्डरखाली जोडणे सोयीचे ठरते.

विंडोजची डिस्क वाचता येते, पण लिहिता का येत नाही?

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. ‘विंडोज ८’पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. तिची काही स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते. अशा अर्धवट मिटलेल्या डिस्कवर लिहिल्यास माहिती बिघडू शकते. म्हणून लिनक्स ती केवळ वाचण्यापुरती उघडते किंवा उघडण्यास नकार देते. हा दोष नसून बचाव आहे. विंडोजमध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करणे आणि मग संगणक नीट बंद करणे, हा त्यावरचा योग्य मार्ग.

तिसरा दरवाजा कोणता?

पूर्वी लिनक्समधील ॲपला वापरकर्त्याचे जवळपास सगळे हक्क आपोआप मिळत. आता अनेक ॲप ‘स्नॅप’ किंवा ‘फ्लॅटपॅक’ या पॅकेजमधून येतात आणि ती कुंपणात, म्हणजे ‘सँडबॉक्स’मध्ये चालतात. उबंटूचा भर स्नॅपवर आहे. २०२२ मधील २२.०४ आवृत्तीत फायरफॉक्सही स्नॅप रूपातच देण्यात आला. लिनक्स मिंटने २०२० मध्ये स्नॅपला मूळ मांडणीतून दूर ठेवले. तिथे फ्लॅटपॅकची सोय आहे.

स्नॅप ॲपला सहसा ‘होम’मधील फाइल दिसतात, दुसरी डिस्क मात्र नाही. त्यासाठी ‘रिमूव्हेबल मीडिया’ ही वेगळी परवानगी लागते. काही ॲपना ती आपोआप मिळते, इतरांना द्यावी लागते. उबंटूच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ विभागात ती चालू करता येते. नाव ‘रिमूव्हेबल’ असले, तरी ‘मीडिया’ किंवा ‘एमएनटी’खाली जोडलेल्या संगणकातील डिस्कलाही ती लागू होते. मात्र कोणी डिस्क मुळातच ‘डेटा’ असे नवे फोल्डर करून तिथे जोडली असेल, तर परवानगी देऊनही उपयोग होत नाही. ‘होम’मध्ये शॉर्टकट ठेवूनही भागत नाही, कारण कुंपण खरा पत्ता पाहते. डिस्क ‘एमएनटी’खाली हलवली की काम होते.

फ्लॅटपॅकची तऱ्हा जरा वेगळी. ग्रंथालयात चिठ्ठी द्यावी आणि कर्मचाऱ्याने तेवढेच पुस्तक आणून द्यावे, तशी त्याची ‘पोर्टल’ व्यवस्था आहे. वापरकर्त्याने निवडलेली फाइलच ॲपच्या हाती पडते. त्यामुळे दुसऱ्या डिस्कवरील चित्रपट सुरू होतो, पण शेजारीच ठेवलेली सबटायटलची फाइल प्लेयरला दिसत नाही. फोटोंचा संपूर्ण संग्रह चाळणाऱ्या ॲपचीही अशीच कोंडी होते. ‘फ्लॅटसील’ या मोफत ॲपमध्ये त्या ॲपच्या नावापुढे हवे ते फोल्डर नोंदवले आणि ॲप बंद करून पुन्हा सुरू केले, की अडचण दूर होते. फोल्डर केवळ वाचण्यापुरते देण्याचीही सोय आहे.

काय टाळावे?

वैतागून केले जाणारे तीन उपाय महाग पडू शकतात. पहिला, ‘सीएचमॉड ७७७’ ही कमांड संपूर्ण डिस्कवर चालवणे. त्यामुळे संगणकावरील कोणतेही खाते कोणतीही फाइल बदलू शकते, आणि बंद दरवाजा तिसरा असेल, तर एवढे करूनही ॲप अडलेलेच राहते. दुसरा, ॲप ‘रूट’ खात्याने चालवणे. यात तयार होणाऱ्या फाइल रूटच्या मालकीच्या होतात आणि पुढची डोकेदुखी सुरू होते. तिसरा, डिस्क फॉरमॅट करणे. फाइल मॅनेजरमध्ये फाइल उघडत असतील, तर त्याचे काहीच कारण नसते.

मग असे निर्बंध हवेतच कशाला?

आपल्याच संगणकावरील आपलीच डिस्क ॲपला उघडता येऊ नये, याचा राग येणे स्वाभाविक आहे. परवानगीची गरज असल्याचे न सांगता रिकामे फोल्डर दाखवणारी ॲप तो आणखी वाढवतात. पण मोबाइलवर एखाद्या ॲपने छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागितली, की आपण क्षणभर थांबतो. हे कुंपण त्याच तत्त्वावर उभे आहे. इंटरनेटवरून आलेल्या एखाद्या सदोष ॲपने घरातील वीस वर्षांच्या फोटोंवर हात मारू नये, हा त्याचा उद्देश. म्हणून कुंपण पाडण्यापेक्षा त्याला नेमके फाटक करणे शहाणपणाचे : एका ॲपला, एका फोल्डरपुरती, गरजेइतकीच परवानगी. आणि कोणत्याही दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवलेली असावी.