ब्राह्मणपाऱ्यात कराटेचा वर्ग काढायचा तर

ब्राह्मणपाऱ्यासारख्या जुन्या रायपूरच्या वस्तीत कराटेचा नवा वर्ग सुरू झाला की उद्घाटनाला मुलांची रीघ लागते. खरी परीक्षा दिवाळीनंतर होते, कारण तोवर बरीच मुले गळालेली असतात. म्हणून वर्ग वाढवायचा म्हणजे आधी आलेले मूल टिकवायचे. सगळी तयारी त्या हिशेबाने कशी करायची, ते क्रमाने पाहू.

कला आणि वय ठरवा. सुरुवात एकाच कलेने करा आणि वयाचे दोनच गट ठेवा: ६ ते ८ आणि ९ ते १३. कराटे, किकबॉक्सिंग, योग आणि झुंबा एकाच फलकावर लिहिले, तर इथे नेमके काय शिकवतात हे पालकांना कळत नाही.

संलग्नता तपासा. संलग्नता म्हणजे आपला वर्ग कोणत्या मोठ्या संघटनेशी जोडला आहे ते. बेल्टच्या प्रमाणपत्राची किंमत त्यावर ठरते. आपल्याकडे एकाच खेळाच्या अनेक संघटना असतात, तेव्हा केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मान्यतेची चालू यादी पाहूनच फलक रंगवा. शालेय स्पर्धांत मूल आपल्या शाळेतर्फे उतरते, वर्गातर्फे नाही. त्यामुळे पत्रकावर ‘क्रीडा गुण मिळतील’ असे वचन छापू नका.

नोंदणी करा. सेवाभावी संस्था काढायची असेल, तर छत्तीसगडमध्ये १९७३ च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी होते आणि त्यासाठी किमान ७ सदस्य लागतात. स्वतःचा व्यवसाय असेल, तर बँक खाते वेगळे ठेवा. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत अशा सेवेला सहसा जीएसटी नोंदणी लागत नाही.

जागा भाड्याने घ्या, तीही तासांवर. सुरुवातीला जागा लहान असली तरी चालते: ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका देवळात अवघ्या १२ चटयांच्या जागेत ज्युदो शिकवायला सुरुवात केली. शाळेचे किंवा समाजाचे सभागृह संध्याकाळी दोन तास मिळाले तरी पुरते. कराटेला साधारण २० ते २५ मिलिमीटर जाडीची मॅट चालते. ज्युदोत मूल पाठीवर आपटते, म्हणून तिथे ४० मिलिमीटरची घ्या. गल्ली अरुंद असेल, तर पालक स्कूटर कुठे लावणार हे आधी पाहा. पार्किंगवरून शेजाऱ्यांशी वाजले की जागा हातची जाते.

हिशेब मांडा. समजा भाडे ६,०००, मदतनीस ८,००० आणि किरकोळ २,०००, म्हणजे महिन्याला १६,००० रुपये खर्च. फी ५०० असेल, तर ३२ मुलांनी हा खर्च निघतो. त्यात आपले मानधन अजून धरलेलेच नाही. मुले यावीत म्हणून फी अगदी कमी ठेवली, तर पुढे ती वाढवताना पालक नाराज होतात.

प्रात्यक्षिक दाखवा. गणपतीचा मंडप, शाळेची प्रार्थनासभा, महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम, अशी ठिकाणे निवडा. ओळखीच्या मराठी घरांतून पहिली मुले येतील, पण वर्ग वाढेल तो सगळ्या पाऱ्यांतून, म्हणजे मोहल्ल्यांतून. म्हणून पत्रक हिंदीतही काढा. प्रशिक्षकाने कौले फोडून दाखवण्याचा मोह टाळा. तीन महिने शिकलेले मूल काय करू शकते, हे पालकांना पाहायचे असते. तिथेच नावे आणि फोन नंबर लिहून घ्या आणि मोफत वर्गाची तारीख सांगा. हे राहिले, तर टाळ्या मिळतात पण प्रवेश होत नाहीत.

पहिले तीन महिने जपा. रोज हजेरी घ्या. मुलाने सलग दोन वर्ग चुकवले, तर त्याच दिवशी घरी फोन करा. नवख्याला लगेच लढतीला उभे करू नका, कारण एक जोराचा फटका बसला की ते परत येत नाही. बेल्ट परीक्षेची फी प्रवेशाच्या वेळीच सांगा. ती ऐनवेळी कळली, तर वर्ग पैसे उकळायलाच काढलाय असे पालकांना वाटते.

विश्वास कमवा. पालकांना वर्ग बसून पाहू द्या. मुलींसाठी महिला प्रशिक्षक ठेवा आणि मदतनिसांची पोलीस पडताळणी करून घ्या. प्रथमोपचाराची पेटी हाताशी असू द्या. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घ्या.

वर्षाचे वेळापत्रक आखा. प्रवेशाचे दोन हंगाम असतात: परीक्षा संपल्यावरचे उन्हाळी शिबिर आणि जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा. रायपूरचा मे महिना भाजून काढतो, म्हणून शिबिर सकाळी सहाला घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुले अभ्यासासाठी थांबतात. तेव्हा त्यांची नावे कापू नका. आठवड्यातून एक दिवस कमी फीत येण्याची सोय ठेवा.

दर महिन्याच्या शेवटी नवे प्रवेश मोजण्याआधी तीन महिन्यांपूर्वी आलेल्यांपैकी किती मुले अजून येतात ते मोजा. तो आकडा घसरत असेल, तर जाहिरातीवर पैसे घालू नका, शिकवण्यात काय चुकते ते आधी शोधा.